पंचेचाळीस मिनिटांचा खोळंबा

संगणक म्हटलं की आपल्याला वेग आठवतो. रेल्वेचं आरक्षण, बँकेतला हिशेब, दहावीचा निकाल, सगळं कसं चुटकीसरशी. पण ज्यांच्या कष्टामुळे हा वेग आपल्या वाट्याला येतो, त्या प्रोग्रॅमर मंडळींना एकदा विचारून पाहा. त्यांच्या दिवसाचा बराच भाग वाट पाहण्यात जातो. दोन ओळी दुरुस्त करायच्या आणि त्या दुरुस्तीचा गुण आला की नाही हे कळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. कधी अर्धं मिनिट, कधी दहा मिनिटं, मोठ्या प्रकल्पात कधी पाऊण तास. या खोळंब्याला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. पण वाट पाहणं, ज्याला उर्दूत इंतजार म्हणतात, हा कवितेचा फार जुना विषय. त्या नात्यानं मी या इतिहासाकडे वळलो आणि त्यात रमलो.

मुळात हा खोळंबा होतो का? संगणकाच्या यंत्राला फक्त आकड्यांची भाषा समजते. माणसानं त्या भाषेत लिहायचं म्हणजे मोठं जिकिरीचं काम. म्हणून माणूस आपल्याला जमेल अशा भाषेत आज्ञा लिहितो आणि कंपाइलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्या सगळ्या लिखाणाचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो. ‘कंपाइल’ या शब्दाचा मूळ अर्थ संकलन करणं. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाईंनी युनिव्हॅक संगणकासाठी ‘ए-शून्य’ नावाची व्यवस्था तयार केली. आधी लिहून, पारखून ठेवलेले आज्ञांचे तुकडे तिच्यात हवे तसे वेचून एकत्र जोडले जात, म्हणून ते संकलन. पुढे १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या चमूनं आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान ही भाषा आणली आणि कंपाइलर हा खऱ्या अर्थानं भाषांतरकार झाला. मजकूर मोठा असेल तर भाषांतराला वेळ लागणार, हे ओघानं आलंच.

त्या काळी ही वाट मिनिटांत मोजत नसत. प्रोग्रॅम लिहायचा तो जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून. एका कार्डावर एक ओळ, तीही फार तर ऐंशी अक्षरांची. कार्डांचा गठ्ठा खिडकीवर नेऊन द्यायचा. आपला नंबर लागेल तेव्हा काम होणार आणि छापील उत्तर काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी हातात पडणार. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तिथलं कामही असंच गठ्ठ्यांनी चाले. एखादा स्वल्पविराम राहून गेला असेल तर उत्तराऐवजी चूक छापून यायची. दिवस गेला! त्यामुळे लोक गठ्ठा देण्याआधी कागदावर ओळ न् ओळ तपासून घेत. यंत्राचा तास माणसाच्या तासापेक्षा महाग होता, म्हणून माणसानं थांबायचं. हिशेब सरळ होता.

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच यंत्र अनेकांना क्षणाक्षणानं वाटून देण्याची पद्धत करून दाखवली. प्रत्येकाला वाटावं, यंत्र आपल्याच दिमतीला आहे. खिडकीवरची रांग हळूहळू मोडली. पण तोवर प्रोग्रॅमही वाढले होते. एका गठ्ठ्यात मावणारा मजकूर अनेक फायलींमध्ये पसरला आणि खोळंब्याचं दुसरं पर्व सुरू झालं.

हे पर्व समजायला खिळ्यांचा छापखाना डोळ्यांपुढे आणावा. शंभर पानांच्या पुस्तकात सदतिसाव्या पानावर एक काना चुकला, तर कंपोझिटर सगळं पुस्तक नव्यानं जुळवत नसे. तेवढी ओळ सोडवायची, खिळा बदलायचा, पान पुन्हा आवळायचं. पण दुरुस्तीमुळे ओळ वाढली आणि मजकूर पुढच्या पानावर सरकला, तर मात्र पुढची पानंही हलवावी लागत, अनुक्रमणिकेतले आकडे बदलावे लागत. एका बदलानं काय काय हलतं, हे मुरलेल्या कंपोझिटरच्या डोक्यात पक्कं असे.

प्रोग्रॅमरांच्या डोक्यात ते राहीना. १९७६ सालची गोष्ट. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन चरफडत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. सकाळभर ते एक चूक शोधत होते आणि ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती. दुरुस्त केलेल्या फाइलचं भाषांतर करायचं तेवढं राहून गेलं होतं. यंत्र आपलं जुनंच भाषांतर इमानेइतबारे चालवत होतं. योगायोग असा की फेल्डमन यांची आदली संध्याकाळही अशाच घोटाळ्यात गेली होती. त्यांनी त्या शनिवार-रविवारी बसून ‘मेक’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे, याची यादी त्याला द्यायची. मग तो फायलींवरच्या वेळा पाहतो. मूळ फाइल नवी आणि तिचं भाषांतर जुनं दिसलं, तर तेवढंच भाषांतर नव्यानं करायचं. त्यावर जे अवलंबून असेल तेही करायचं. बाकीच्याला हात लावायचा नाही. या कामासाठी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेनं फेल्डमन यांना २००३ सालचा पुरस्कार दिला.

या गोष्टीत खोळंब्याचं सगळं मर्म आहे. सगळ्याचंच भाषांतर पुन्हा करायचं, तर खात्री असते पण वेळ जातो. थोड्याचंच करायचं, तर वेळ वाचतो पण खात्री जाते. पुढच्या पन्नास वर्षांत जे उपाय निघाले, ते बहुतेक याच ओढाताणीतून निघाले.

मेकनं एक प्रश्न सोडवला, पण बेल लॅब्जमध्येच जन्मलेल्या सी या भाषेत दुसरा दडलेला होता. आपल्याकडे एखाद्या कार्यालयात प्रत्येक खिडकीवर तेच रेशनकार्ड, तोच रहिवासी दाखला पुन्हा मागतात. पहिल्या खिडकीनं तपासलं, याचा दुसऱ्या खिडकीला पत्ता नसतो. सी भाषेतली प्रत्येक फाइल अशीच आपल्याला लागणारे दाखले सोबत जोडते, त्या दाखल्यांना आणखी दाखले जोडलेले असतात आणि भाषांतरकाराला ते सगळे वाचावे लागतात. १९८४ मध्ये युनिक्स प्रणालीतल्या ‘पीएस’ या साध्या आज्ञेचं भाषांतर तपासलं, तेव्हा त्यात एकच फाइल ३७ वेळा जोडली गेल्याचं आढळलं. त्यातल्या ३६ वेळा तो मजकूर टाकूनच द्यायचा होता. सी++ या तिच्या थोरल्या अवतारात हा पसारा आणखी वाढला.

खोळंबा हा काही विधिलिखित नाही, हे दाखवणारेही होते. १९८३ मध्ये अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणानं लिहिलेला टर्बो पास्कल हा कंपाइलर बोरलँड कंपनीनं ४९ डॉलर ९५ सेंटला बाजारात आणला. लिहिण्याची आणि भाषांतराची सोय एकाच ठिकाणी होती आणि काम फ्लॉपीवर न करता यंत्राच्या स्मृतीत होत होतं. घरगुती संगणकावर लिहावं आणि लगेच चालवून पाहावं, हे सुख त्यानं दिलं. हेल्सबर्ग हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा भेटणार आहे.

मग वेब आली. १९९५ साली रास्मुस लेर्डॉर्फ यांची पीएचपी आणि ब्रेंडन आइक यांची जावास्क्रिप्ट अशा दोन भाषा लोकांसमोर आल्या. यांना आधी भाषांतर करून ठेवणारा लागत नव्हता. दुभाष्या शेजारी उभा असतो, तसं ओळ वाचायची आणि अर्थ सांगायचा. लिहा, साठवा, ब्राउझरमधलं पान ताजं करा, बदल समोर हजर. खोळंबा संपला, असं वाटावं अशी ती वर्षं होती.

पण वेबवरची पानं पानं राहिली नाहीत. २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गूगलचे नकाशे आले. वेबपान हाच एक मोठा प्रोग्रॅम झाला, शेकडो माणसांनी लिहिलेला, हजारो फायलींचा. एवढा पसारा जावास्क्रिप्टमध्ये सांभाळणं अवघड, म्हणून २००६ मध्ये गूगलनंच एक साधन बाजारात आणलं. प्रोग्रॅम जावा भाषेत लिहा, आम्ही त्याचं जावास्क्रिप्टमध्ये भाषांतर करून देतो. सोय मोठी होती, पण किंमतही होती. वृत्तपत्राच्या जशा शहराशहराच्या आवृत्त्या निघतात, तशी हे साधन प्रत्येक ब्राउझरची आणि प्रत्येक भाषेची वेगळी आवृत्ती तयार करी. समजा सहा प्रकारचे ब्राउझर आणि दहा भाषा असतील, तर साठ आवृत्त्या! रोजच्या कामात हा भार पडू नये म्हणून विना-भाषांतर चालवून पाहण्याची वेगळी सोय मुद्दाम ठेवावी लागली. जिथून खोळंबा हद्दपार झाला होता, तिथे तो मागच्या दारानं परत आला.

फेसबुकची कथाही अशीच. त्यांचं संकेतस्थळ पीएचपीत लिहिलेलं. २०१० च्या सुरुवातीला त्यांचे वापरकर्ते चाळीस कोटींवर पोचले होते. एवढ्या लोकांसाठी दुभाष्या नेमायचा, तर यंत्रं किती लागतील! म्हणून त्या फेब्रुवारीत त्यांनी ‘हिपहॉप’ ही व्यवस्था जाहीर केली. पीएचपीचं आधी सी++ मध्ये आणि तिथून यंत्राच्या भाषेत भाषांतर. यंत्रांवरचा बोजा निम्म्यावर आला. पण सगळं संकेतस्थळ मिळून एकच अजस्र फाइल होऊ लागली. २०१२ मध्ये ती दीड गिगाबाइटच्या घरात होती आणि हजारो यंत्रांवर पोचवायला, लोक सिनेमे उतरवून घ्यायला वापरतात ते बिटटोरंट तंत्र वापरावं लागे. रोजचं काम करणाऱ्यांसाठी वेगळा दुभाष्या ठेवला होता, पण मग दोघांचं वागणं जुळतं ना, ही नवी काळजी. २०१३ मध्ये त्यांनी ही पद्धत सोडली आणि प्रोग्रॅम चालू असतानाच लागेल तेवढंच भाषांतर करणारी व्यवस्था आणली.

आता शीर्षकातल्या त्या पंचेचाळीस मिनिटांकडे येतो. २००७ चा सप्टेंबर महिना. गूगलमध्ये रॉब पाइक एका अवाढव्य सी++ प्रोग्रॅमवर काम करत होते. दुरुस्ती छोटीच असे, पण भाषांतराला पंचेचाळीस मिनिटं लागत, तीही अनेक यंत्रांमध्ये काम वाटून दिल्यावर. त्याच वर्षी तिथल्या अभियंत्यांनी एका मोठ्या प्रोग्रॅमचं भाषांतर मोजून पाहिलं. सुमारे दोन हजार फायली, एकूण मजकूर ४.२ मेगाबाइट. पण दाखल्यांना जोडलेले दाखले उलगडत गेल्यावर भाषांतरकारापुढे ८ गिगाबाइटहून जास्त मजकूर येत होता. लिहिलेल्या एका अक्षरामागे दोन हजार अक्षरं वाचायची!

अशाच एका खोळंब्यात पाइक यांनी शेजारी बसणारे रॉबर्ट ग्रीझमर यांच्याशी बोलणं काढलं. भाषांतर संपायच्या आत केन थॉम्प्सन यांनाही त्यांनी ओढलं होतं, आणि काहीतरी करायचं असं तिघांचं ठरलं होतं. त्या बैठकीतून ‘गो’ ही नवी भाषा निघाली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. गोमध्ये न लागणारा दाखला जोडला, तर भाषांतरकार ती चूक धरतो आणि पुढे जात नाही. दोन भागांनी एकमेकांवर अवलंबून राहायला मनाई आहे. आणि एका भागाचं भाषांतर झालं की दुसऱ्यांना त्यातलं जेवढं लागतं तेवढं एकदाच, आटोपशीर लिहून ठेवलं जातं. प्रत्येक खिडकीवर पुन्हा पुरावा नाही.

खोळंब्याचं एवढं काय घेऊन बसलात, असं कुणी विचारेल. त्याच २००७ मध्ये रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या व्यंगचित्रमालेत एक चित्र आलं होतं. दोन प्रोग्रॅमर चाकांच्या खुर्च्यांवर चढून तलवारबाजी करताहेत. साहेब डाफरतो. कंपाइल चालू आहे म्हटल्यावर गप्प होतो. चित्र गमतीचं आहे, पण नुकसान गमतीचं नाही. १९८२ मध्ये आयबीएमच्या वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी याचा विचार मांडला होता. काम करणाऱ्याच्या मनात पुढच्या चार-दोन पावलांची साखळी तयार असते. यंत्र अडखळलं की ती तुटते आणि पुन्हा जुळवावी लागते. म्हणून प्रतिसाद सेकंदाच्या आत आला, की काम वाचलेल्या वेळापेक्षाही जास्त वाढतं. कविता लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ओळ मनात घोळत असताना दारावरची बेल वाजते, दोन मिनिटांत परत येऊन बसावं, तर ओळ गेलेली असते.

याहून खोल नुकसान आणखी एक आहे. मोठ्या प्रकल्पात काही फायली अशा असतात की त्यांच्यावर हजारो फायली अवलंबून असतात. तिथे एक ओळ बदलली, तर सगळ्यांना सगळ्याचं भाषांतर पुन्हा करावं लागणार. मग माणसं त्या फाइलला हात लावायला धजत नाहीत. मुळात दुरुस्ती हवी असते, पण बाजूला ठिगळ लावून वेळ मारून नेतात. चाचण्या दहा वेळा घ्यायच्या तिथे दोनदा घेतात. ते सॉफ्टवेअर पुढे रुग्णालयात, बँकेत, वीजबिलात येऊन बसतं. थांबण्याच्या कंटाळ्यानं टाळलेल्या दुरुस्तीचा भुर्दंड मग ज्यांनी कंपाइलर हा शब्दही ऐकलेला नाही त्यांना पडतो.

उपायांची गाडीही थांबली नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात दोन साधनं तयार झाली. अँड्र्यू ट्रिजेल यांचं ‘सीकॅश’ एकदा झालेलं भाषांतर जपून ठेवतं आणि तोच मजकूर पुन्हा आला तर तेच काढून देतं. मार्टिन पूल यांचं ‘डिस्टसीसी’ काम शेजारच्या यंत्रांत वाटून देतं. गूगलनं २०१५ मध्ये खुलं केलेलं ‘बाझेल’ वेळेवर विश्वास ठेवत नाही, फाइलच्या मजकुराचाच ठसा घेऊन पाहतं. ठसा तोच, तर काम तेच, मग ते सहकाऱ्यानं दुसऱ्या यंत्रावर केलेलं का असेना. इथे जॉन्सन यांच्या वाया गेलेल्या सकाळीला पक्कं उत्तर मिळालं, पण एका अटीवर. कोण कोणावर अवलंबून आहे, याची नोंद प्रामाणिक हवी. नोंदीत लपवाछपवी झाली, की वेगही खोटा आणि खात्रीही खोटी.

वेबच्या जगातही हाच धडा गिरवला गेला. हजारो फायली एकत्र बांधून ब्राउझरकडे पाठवायचं काम २०१२ पासून ‘वेबपॅक’ करू लागलं. बदललेला तेवढा तुकडा चालू पानात बसवायची सोयही त्यात होती. पण प्रकल्प वाढले, तशी सकाळची पहिली बांधाबांध जड होत गेली. सगळी पंगत रांधून झाल्याशिवाय पहिलं पान वाढायचं नाही, असा तो प्रकार. २०२० मध्ये इव्हान यू यांनी ‘व्हीट’ आणलं. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ झटपट. ब्राउझर मागेल तीच फाइल, मागेल तेव्हा तयार करून द्यायची. कढईतून काढलेली गरम भजी जशी. ब्राउझरना फायलींचे तुकडे स्वतः समजू लागले होते, म्हणून हे जमलं. त्याच वर्षी इव्हान वॉलेस यांचं ‘ईएसबिल्ड’ आलं. जुन्या साधनांना जिथे कित्येक सेकंद लागत, तिथे ते सेकंदाच्या आत काम उरकू लागलं. ते लिहिलेलं आहे गो भाषेत, त्या पंचेचाळीस मिनिटांत सुचलेल्या.

आणि हेल्सबर्ग? टर्बो पास्कलवाल्या हेल्सबर्ग यांनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये टाइपस्क्रिप्ट ही भाषा घडवली. २०१२ मध्ये ती जाहीर झाली आणि मोठे वेबप्रकल्प तिच्यात लिहिले जाऊ लागले. तिचा कंपाइलर तिच्यातच लिहिलेला होता, आणि प्रकल्प फुगले तसा तोही संथ वाटू लागला. मार्च २०२५ मध्ये हेल्सबर्ग यांनीच सांगितलं की तो कंपाइलर आम्ही गो भाषेत उतरवत आहोत. पंधरा लाख ओळींच्या एका प्रकल्पाला पूर्वी ७७.८ सेकंद लागत, ते काम ७.५ सेकंदांवर आलं.

हे आकडे वाचून आनंद होतो. पण पास्कलचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच बजावून ठेवलंय की यंत्रं जितकी वेगवान होतात, त्याहून जलद आपले प्रोग्रॅम जड होतात. सत्तर वर्षांत प्रत्येक वेळी मिळालेला वेग आपण आणखी मोठ्या प्रकल्पावर उधळला. रस्ता रुंद केला, की गाड्या वाढतात, तसंच हे. त्यामुळे खोळंबा आता कायमचा गेला, असं मी म्हणणार नाही.

कार्डांच्या दिवसांत माणसं विचारपूर्वक लिहीत, हे खरं. म्हणून ती रांग परत यावी असं नाही. लादलेला खोळंबा वेगळा आणि आपण होऊन घेतलेली उसंत वेगळी. पहिल्यात मन बाहेर भटकतं, दुसऱ्यात ते कामाच्या आत शिरतं. यंत्रानं वाचवून दिलेली मिनिटं त्या उसंतीसाठी वापरायची, की आणखी चार फायली वाढवण्यासाठी, हे मात्र कुठलाही कंपाइलर ठरवून देणार नाही. ते लिहिणाऱ्यानंच ठरवायचं आहे.